कपाटातला हिरवा

ललिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच वर्गात उभी होते. ती नागपूरच्या दवाखान्यात, म्हणून तिची पहिली-दुसरी माझ्याकडे होती. पोरांना घरी पाठवलं आणि रिकाम्या वर्गात नुसत्या येरझारा घालत राहिले... महिना उलटून गेला, अजून एका जागी बसवत नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या लोकांच्या या नव्या वस्तीत आम्ही दोघीच शिक्षिका. रंगांच्या बाबतीत ललिता भलतीच हट्टी. शाळेत रंग आले की हिरव्या बाटल्या आधी कपाटात बंद! हिरवा पोरांनी स्वतः करायचा. एकदा एक बाप तणतणत आला, "म्याडम, पोरीचा हिरवा काहून काढून घेतला जी?" हिने त्याच्यासमोर पिवळा नि निळा ठेवला. "भाऊ, तुमच्या बांधीतल्या धानाचा हिरवा करून दाखवा." त्याने भसकन निळा ओतला. अख्खा वर्ग ओरडला, "पिवळ्यात थेंब थेंब निळा टाका, काका!" भाऊ घाम पुसत बसला, आणि जमल्यावर हात न धुताच गेला, घरी दाखवायला.

भाताची रोवणी आटोपल्यावर तिने वर्गाच्या भिंतीवर पोरांकडून खिडकीबाहेरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, रंगवायला घेतली. अर्धी झाली आणि ती आजारी पडली. "भिंत अर्धी ठेवू नको वं," शेवटच्या भेटीत एवढंच म्हणाली. इकडे शाळा समितीने सांगून टाकलं, चित्र पूर्ण झालं तर ठेवू, नाहीतर दिवाळीत चुना.

मला तिचा हिरवा जमेना. करायचा, लावायचा, वाळला की वेगळाच दिसायचा, पुन्हा पुसायचा. स्वतःवरच चिडले. शेवटी कपाटाची किल्ली हातात घेतली, तेव्हा दुसरीतली सृष्टी म्हणाली, "म्याडम, तुमी भिंतीकडे पाहून राहिल्या. ललिता म्याडम त खिडकीतून बांधीकडे पाहत होत्या."

मी खिडकीशी गेले. बाहेर धान पिवळं पडायला लागलं होतं. तिचा तो हिरवा आता शिवारात कुठेच उरला नव्हता... पोरांसमोरच रडले. मग पिवळा भरपूर घेतला, आणि पोरांनी त्यात जपून निळा सोडला.

भिंत पूर्ण झाली. मधोमध जोड स्पष्ट दिसतो, इकडे तिचं धान, तिकडे आमचं. समितीतल्या एकाने विचारलं, "सारं एकसारखं करून टाकू का जी?" मी नको म्हटलं. हिरव्या बाटल्या कपाटातच आहेत. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि कोणी मागितली तर मी देणार नाही.