खात्यावरचा नवरा

विमलताई पाईकराव यांनी ढाणकीत नऊ वर्षं एका बँकेसाठी रोजची बचत गोळा केली. भाजी, बांगड्या, सरपण विकणाऱ्या बायकांकडून दहा-वीस रुपये घ्यायचे, पावती फाडायची, संध्याकाळी शाखेत भरणा करायचा. २०१३ साली बँकेनं ते काम बंद केलं. पुढची बारा वर्षं एक वाक्य त्यांच्या मागे फिरत राहिलं: इमलबाईनं रुपीबाईचे पैसे खाल्ले.

म्हणणारी रुपीबाई राठोड स्वतःच, आणि ती हळू बोलणाऱ्यातली नव्हे. जवळच्या तांड्यावरून सरपणाची मोळी आणायची, रोज दहा रुपये टाकायची. मग तीन वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली. परतली तेव्हा पासबुक हरवलेलं. शाखेत 'रुपीबाई थावरू राठोड' नावाचं खातंच सापडलं नाही. विमलताईंनी सोबत जाऊन पुन्हा शोधायला लावलं, तरी नाही.

"तू भरलेच नाही," रुपीबाई शाखेच्या पायरीवर ओरडली. "माह्ये दहा-दहा रुपये गिळले तू!"

 बचत गटाच्या सचिवपदासाठी विमलताईंचं नाव निघालं, तेव्हा गटातल्या दोघींनी हेच काढलं. विमलताई शिलाईकडे वळल्या. पैसे देऊन मिटवून टाक, असं मुलगी साधनानं सुचवलं.

"दिले तं खाल्लेच होते असं होईन," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात दावा न केलेल्या ठेवी मालकांना परत करण्यासाठी सरकारी शिबिरं भरली. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मालकाचा हक्क मात्र संपत नाही. उमरखेडच्या शिबिरात विमलताईंनी आपल्या जुन्या शाखेची यादी मागून घेतली आणि बाकावर बसून एकेका नावाखाली बोट धरून वाचली. चारशेवर नावं, त्यात राठोड बासष्ट. एक होतं रुपीबाई किसनसिंग राठोड.

किसनसिंग म्हणजे तांड्याचा नायक, तिथला प्रमुख. त्याची बायको लालीबाई. मग ही रुपीबाई कुठली?

त्यांना खातं उघडल्याचा दिवस आठवला. नवऱ्याचं नाव विचारल्यावर रुपीबाईनं पदर तोंडाशी धरला होता. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "नायकाचंच नाव हाय, तेच लिही," एवढंच ती म्हणाली. २००७ साली नायक किसनसिंग होता, विमलताईंनी ते लिहिलं. पण त्याला नायक होऊन चारच महिने झाले होते. आधीचा नायक, रुपीबाईच्या नवऱ्याच्याच नावाचा थावरू, नुकताच वारला होता, आणि बायकांच्या बोलण्यात नायक म्हणजे अजून तोच होता.

चूक सापडली, ती त्यांची स्वतःचीच. दुसऱ्याच दिवशी त्या तांड्यावर गेल्या. नायकाच्या ओट्यावर माणसं बसलेली असताना, उभ्यानंच सांगितलं, "पैसे मी पुरे भरले. नाव चुकीचं लिहिलं. एकदा विचारून घ्याले पाह्यजे होतं, नाही घेतलं."

लालीबाईला आधी समजलं. "म्हंजे अठरा वर्सं हे बँकीत माही सवत होऊन राह्यली?"

ओटा हसला. "मले तं कोनी इचारलंबी नाही," किसनसिंग म्हणाला.

रुपीबाई हसली नाही. "कागद दाखव," म्हणाली.

शाखेनं जुना फॉर्म काढला. फोटो रुपीबाईचा, अक्षर विमलताईंचं. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागलं, शिवाय ही माझी पत्नी नाही असा किसनसिंगचा जबाब. "सत्तराव्या वर्सी फारकत घेऊन राह्यलो," सही करताना तो म्हणाला. अधिकाऱ्यानं रुपीबाईला नवऱ्याचं नाव विचारलं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिनं विमलताईंकडे पाहिलं.

"तुमीच सांगा," विमलताई म्हणाल्या. "मी एक डाव लिहून पाह्यलं."

रुपीबाईनं नाव घेतलं. इतकं हळू की अधिकाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं.

यानंतर सात आठवडे आणि उमरखेडच्या चार खेपा गेल्या. प्रत्येक खेपेला दोघींचं एसटीचं तिकीट विमलताईंनी काढलं. जानेवारीअखेर व्याजासकट सतरा हजार नऊशे रुपये रुपीबाईच्या नव्या खात्यात आले.

तिनं माफी मागितली नाही. विमलताईंनीही ती अपेक्षिली नव्हती. पुढच्या आठवड्यात मात्र रुपीबाई लालीबाईला घेऊन त्यांच्या दारात आली. लालीबाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती: दोन जुनी पासबुकं, विम्याचा एक कागद, आधार कार्ड. कुठं काय अडकलंय, तिलाही माहीत नव्हतं.

"हे ठिवू का इच्यापाशी?" लालीबाईनं रुपीबाईलाच विचारलं.

"ठिव. कायले भेतं?" म्हणत रुपीबाई बाजाराच्या वाटेला लागलीसुद्धा.

विमलताईंनी लालीबाईला थांबवलं, पिशवीतले कागद मोजले आणि पोच लिहून तिच्या हातात दिली.