सौसरच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर

नागपूरला इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत चढलो तेव्हा आमच्याजवळ पाच बॅगा होत्या, आणि त्यांतल्या तीन नुसत्या विद्याच्या पायांसाठी होत्या. एकीत पळण्याचे दोन जोड बूट. एक पळायचा, दुसरा पहिल्याला काही झालं तर. दुसरीत पोटऱ्यांना लावायचे पट्टे, मलमं आणि पाठीखाली घेऊन लोळायचा फोमचा रूळ. तिसरीत पळता पळता चोखायच्या गोड चिकट पदार्थाच्या पुड्या. तो पदार्थ चवीला खोकल्याच्या औषधासारखा लागतो आणि किमतीला केशरासारखा पडतो.

विद्या म्हणजे माझी बायको. वय सेहेचाळीस. ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवते आणि तीन वर्षांपासून पळते. मी पळत नाही. मी बॅगा धरतो.

ठाण्यात हल्ली नुसतं पळून भागत नाही, पळायला लांब जावं लागतं. आमच्या सोसायटीच्या धावगटातले लोक लडाखला पळून आले, गोव्याला पळून आले. एक जोडपं तर परदेशातल्या एका थीम पार्कमध्ये पळून आलं आणि सहा महिने मोठ्या कानांच्या टोप्या घालून लिफ्टमध्ये वावरलं. त्यामुळे विद्यानं मध्य प्रदेशातल्या सौसरजवळच्या थीम पार्कची रेस निवडली तेव्हा गट जरा गोंधळला. सौसर नकाशात कुठे असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. जाहिरात मात्र झकास होती. शनिवारी सगळे पाळणे फुकट, रविवारी हाफ मॅरेथॉन, आणि बक्षीस द्यायला संत्र्याचा वेष घातलेला माणूस.

खरं कारण विद्यानं गटाला सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही, पण मला नकाशा ठाऊक होता. सौसरच्या शेजारी पांढुर्णा, आणि पांढुर्ण्याला तिचे वडील एकटे राहतात.

दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर विद्या वडिलांना म्हणाली, "आता चला ठाण्याला." बाबूजी म्हणाले, "अठराव्या माळ्यावर बसून कबुतरं मोजू का?" तिनं काहीतरी उत्तर दिलं, त्यांनी त्याच्यावर काहीतरी ऐकवलं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर "बरे आहात?" "मले काय होते?" एवढंच चाललं होतं. वडिलांना भेटायचं म्हणून सरळ गाडीत बसणं या घराण्याच्या स्वभावात नाही. त्याला एकवीस किलोमीटरचं निमित्त लागतं.

काटोल, नरखेड मागे पडलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस पांढरा दिसत होता आणि मधूनच संत्र्यांच्या बागा लागत होत्या. पांढुर्ण्याच्या फलाटावर बाबूजी उभे होते. जन्मभर कापसाचा व्यापार केलेला माणूस. वय शहात्तर, पाठ अजून ताठ. त्यांनी आमच्या बॅगांवरून नजर फिरवली.

"राहाले आले का जी, जावईबापू?"

"नाही बाबूजी, पळायला."

"काहून (का)? कोन मागं लागलं?"

त्या आठवड्यात ह्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुष्कळांना द्यावं लागलं. स्पर्धेआधी इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून विद्या आम्हाला मुद्दाम आधी घेऊन आली होती. जणू पांढुर्ण्याची हवा एखाद्या हिमशिखराची होती, आणि ती स्वतः या हवेत अठरा वर्षं वाढलीच नव्हती. पहिल्या सकाळी ती सौसरच्या रस्त्यावर पळायला निघाली. मी बाबूजींच्या स्कूटरवर पाण्याची बाटली घेऊन मागे. पंधरा मिनिटांत तीन मोटारसायकली थांबल्या. पहिल्यानं विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. दुसरा म्हणाला, "ताई, बसा, सोडून देतो, कायले (कशाला) तरास?" तिसऱ्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "भांडन झालं का जी? तुमी गाडीवर अन् त्या पैदल?" मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. तो आमच्यामागून फाट्यापर्यंत आला.

बाबूजींचं मत घरी पोचेपर्यंत तयार होतं. "पळाचंच असंल तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येत जा. गोटमारीत पळ. तिथं पळाले कारन तरी असते." गोटमार म्हणजे जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारतात ती जत्रा. तिथे पदकं मिळत नाहीत, टाके मिळतात.

विद्या हसली नाही. ती उकडलेल्या शेवयांची वाटी वजनकाट्यावर ठेवत होती. आधीचे काही दिवस नेमकं काय आणि किती खायचं ह्याचा तक्ता तिच्या फोनमध्ये होता. त्यात वडाभात नव्हता. बाबूजींनी मात्र स्वयंपाकाच्या बाईंना मुद्दाम वडाभात करायला सांगितला होता. डाळीचे वडे भातावर कुस्करून वरून हिंगाचं कढत तेल. विद्यानं ताट सरकवलं. बाबूजींनी ते माझ्यापुढे ठेवलं. मी दोघांच्या वाटचं खाल्लं, आणि तक्ता निदान ह्या कामी तरी उपयोगी पडला.

एका दुपारी बाबूजी बाजारातून सांबाराची (कोथिंबिरीची) मोठी जुडी घेऊन आले. चहा झाल्यावर पुन्हा बाहेर पडले आणि पुन्हा सांबार घेऊन आले. स्वयंपाकाच्या बाई दोन्ही जुड्यांकडे बघत राहिल्या. "स्वस्त होता," बाबूजी म्हणाले. रात्री सांबारवडी झाली, दुसऱ्या दिवशीही झाली. बाप आणि लेक सांबारवडीवर बोलले, हवेवर बोलले, कापसाच्या भावावर बोलले. ठाण्याचं नाव कोणी काढलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं पार्क पाहून आलो. सौसरच्या पुढे, लोधीखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संत्र्याच्या बागा तोडून हे उद्यान उभं केलं आहे. आत प्लास्टरचा ताजमहाल आहे, प्लास्टरचा पिरॅमिड आहे, आणि दोघांच्या मधे एक डायनासोर ताजमहालाकडे तोंड करून डरकाळी फोडतो. बर्फघराचं यंत्र बंद होतं, म्हणून तिथे स्पर्धकांना नंबर वाटत होते. देशोदेशीच्या या वैभवात अस्सल संत्रं काही कुठे दिसलं नाही. संत्र्याचा वेष घातलेला माणूस तेवढा होता. उकाड्यानं त्यानं डोकं काढून काखेत धरलं होतं आणि तो तंबाखू मळत होता.

नंबरांच्या रांगेत नागपूर-भोपाळचे धावपटू एकमेकांच्या पोटऱ्यांची विचारपूस करत उभे होते. माणूस कसा आहे, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. गुडघा कसा आहे, हे सगळे विचारत होते.

रविवारी पहाटे भाड्याची जीप दाराशी आली, तेव्हा बाबूजी स्वच्छ धोतर-कुडता घालून तयार होते. "पाह्यतो तरी कसा तमाशा हाय," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. विद्याला बरं वाटलं हे मला मागून दिसलं.

पार्कात पोचलो तेव्हा लाउडस्पीकरवर एक तरुण हिंदीत ओरडत होता की पळणं म्हणजे आयुष्य आहे. सुरुवातीला चांगलाच उशीर झाला, कारण झेंडा दाखवायला भोपाळहून मोठे पाहुणे यायचे होते. पाहुणे आले नाहीत. शेवटी संत्र्यानंच झेंडा दाखवला. रस्ता असा होता: फाटकातून बाहेर, सौसरच्या रस्त्यानं जायचं, एका देवळापासून वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत.

विद्या गेली. मी बॅगा घेऊन पिरॅमिडच्या सावलीत बसलो. तरुणाचा आवाज ऐकून बाबूजींचं डोकं सुरुवातीची वाट पाहतानाच दुखायला लागलं होतं. "जरा मोकळ्या रस्त्यानं फिरतो," म्हणून ते झेंड्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडले होते. फोन त्यांनी माझ्याजवळच्या बॅगेत टाकला होता. मी तर्री-पोह्याच्या गाडीकडे वळलो. ही लाल तर्री अशी होती की तिच्यापुढे एकवीस किलोमीटर हे काही फार मोठं साहस वाटू नये.

मधेच तरुणानं आनंदाची बातमी दिली. पाहुणे निघाले आहेत. त्यांच्या गाड्यांसाठी समोरचा रस्ता मोकळा करायचा असल्यानं धावपटू आता बागेतल्या कच्च्या वाटेनं मागच्या फाटकातून आत येतील. पोलिसांनी रस्ता अडवला. एकवीस किलोमीटरचे नेमके किती झाले हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही, पण प्रत्येकाच्या मनगटावरच्या घड्याळाचं वेगळं मत होतं आणि त्यावरून बरीच भांडणं झाली.

विद्या मागच्या फाटकातून आली ती धुळीनं माखलेली. संत्र्यानं तिच्या गळ्यात पदक घातलं. ते न पाहताच तिनं मला विचारलं, "बाबूजी कुठे आहेत?"

"असतील इथेच."

"जाताना भेटले होते मला. पार लांब, पुलाच्या कठड्यावर बसले होते. मी म्हटलं, परतताना भेटते."

आम्ही पार्क पालथं घातलं. ताजमहाल पाहिला, बर्फघर पाहिलं, पुरुषांचं स्वच्छतागृह मी पाहून आलो. तरुणाला नाव पुकारायला सांगितलं तर तो म्हणाला, पाहुण्यांचं भाषण झाल्यावर पुकारतो. फाटकाशी जीप मागितली, तर पोलीस म्हणाला गाडी सोडणार नाही, पायी जायचं तर जा. विद्यानं पुढचं ऐकलं नाही. पदक गळ्यात तसंच ठेवून ती पळत सुटली. दोन तास पळालेली बाई तशी पळू शकत नाही असं तिच्या फोनमधल्या तक्त्यात नक्कीच लिहिलेलं असणार. मी तिच्या मागे पळायला लागलो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ऊन चांगलंच वर आलं होतं. धापा टाकत मी पुलाशी पोचलो तेव्हा विद्या कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलेली होती. बाबूजींनी टोपी मांडीवर काढून ठेवली होती. चेहरा लाल झाला होता.

"उन्हात काहून बसून राहिले, बाबूजी?" विद्या विचारत होती. ठाण्याला गेल्यापासून इतकी तिकडची बोली मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

"तू म्हनली न, परतताना भेटते म्हनून."

"रस्ता बदलला हे कोणी सांगितलं नाही?"

"सांगून गेली पोरं. म्हने आजोबा, रेस संपली, घरी जा." ते थांबले. "उठलो मी. मंग समजलंच नाई, कोनीकडे जाचं."

"रस्ता तं एकच हाय, बाबूजी."

"एकच हाय. तेच तं." त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. ह्याच रस्त्यानं त्यांनी चाळीस वर्षं कापसाच्या गाड्या नेल्या होत्या. "इकडून आलो का तिकडून, आठवूनच नाई राहिलं. म्हटलं, फिरलो तं आनखीन चुकीन. बसतो इथंच. पोरगी येईनच."

 मी खांद्यावरच्या पिशवीतली बाटली काढून त्यांच्या हातात दिली. पाणी प्याल्यावर ते आपणहून म्हणाले, "तुही माय गेल्यापासून होते असं मधून मधून. दुकानात जातो अन् कायले आलो ते समजत नाई. तुले सांगतलं असतं तं तू ठान्याले घेऊन गेली असती."

"म्हणून नाही सांगितलं?"

"हो."

"मी विचारलंही नाही कधी," विद्या म्हणाली. "रविवारी फोन करायचे आणि ठेवायचे." मग तिनं त्यांच्या हातातून टोपी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "ठाण्याला नेत नाही. नागपूरला दाखवून येऊ. चालेल?"

"चालते."

ते तिघांतले सगळ्यात कमी थकलेले होते, पण आम्ही त्यांच्या चालीनं चाललो. मधेच पाहुण्यांच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला काट्यांत उभे राहिलो. एका काचेतून कोणीतरी आम्हाला हात केला. बाबूजींनीही केला. "कोन होते?" त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं, आणि ह्या एका बाबतीत त्यांची आणि माझी स्मरणशक्ती सारखी होती.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ घेतला. चित्रं दाखवली, कागदावर घड्याळ काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, म्हणाल्या. गोळ्या आहेत, पूर्ण बरं करणारं काही नाही. एकटं ठेवू नका, आणि ओळखीच्या जागेतून इतक्यात हलवू नका. हे शेवटचं वाक्य ऐकून बाबूजींनी विद्याकडे जे पाहिलं, ते खटला जिंकलेल्या माणसाचं पाहणं होतं. विद्यानं हार मानली आणि शाळेत लांब रजेचा अर्ज केला. सकाळी ती अजून सौसरच्या रस्त्यावर जाते, पण चालत, आणि बाबूजी बरोबर असतात. आता मोटारसायकली थांबत नाहीत. बापलेक चालतात ह्यात कोणाला काही विचारण्यासारखं वाटत नाही.

मी एकटा परतलो, पाचांतल्या चार बॅगा घेऊन. गाडीत पार्कवाल्यांचा संदेश आला: तुमचा अनुभव कसा होता, किती तारे द्याल? मी बराच वेळ बाहेरच्या बागांकडे बघत राहिलो. त्या धूळभरल्या तमाशात पळण्याचं कारण कोणी कोणाला विचारलं नव्हतं; ते सगळ्यांत आधी विचारणारा माणूस मला पांढुर्ण्याच्या फलाटावर भेटला होता. त्याचे तारे कुठे द्यायचे ते त्यात लिहिलं नव्हतं. मी संदेश पुसून टाकला.

ठाण्याला घरी पोचल्याबरोबर फोन केला. बाबूजींशीच बोललो. प्रवास नीट झाला, जेवलो, सगळं सांगितलं. तासाभरानं त्यांचाच फोन आला.

"जावईबापू, पोचले का जी? काळजी लागून राहिली."

"हो बाबूजी," मी म्हणालो. "हे काय, आत्ताच दार उघडून राहिलो."