जोडलेलं हसू

बडोद्यातल्या फतेगंजच्या एका व्हिडिओ क्लासला मावसबहिणीला मीच ओढून नेलं. हौस माझी, सोबत तिची. दोघींची पन्नाशी उलटलेली. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि मग तो कापायचा-जोडायचा कसा, एवढंच शिकायचं होतं. सर गुजराती, बोलायला गोड आणि शिकवायला कडक. फोन आडवा धरा, माणसाच्या पाठीशी खिडकी नको, त्याचं वाक्य संपेपर्यंत हात हलवू नका. शिवाय एक नियम: आपण काढलेलं आपण कापायचं नाही, जोडीदाराला द्यायचं. स्वतःच्या शूटिंगला कात्री लावताना हात कचरतो म्हणे.

मी आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं. हे सोपं नव्हतं. आई जन्मापासून बडोद्याची, सासरचे नातेवाईक पुण्याचे. नवी नवरी असताना तिकडच्या एका पंगतीत ती भाजीला गुजराती शब्द वापरून "शाक वाढू का?" म्हणाली आणि अख्खी पंगत हसली. तेव्हापासून पुण्याचं कुणी आलं की आई चहा देते, मान हलवते आणि स्वयंपाकघरात जाते.

माझ्यापुढे मात्र खुलली. लहानपणी खंडेराव मार्केटला जायची ते सांगायला लागली. "बाबा पुढे, मी पाछळ थेली घेऊन. शाकवाली मला रोज एक जामफळ द्यायची, अमस्तंच, पैसे न घेता!" त्या पेरूची गोष्ट मी ऐकतच राहिले. शेवटी डब्याला टेकवलेला फोन घसरून परातीतल्या पिठात पडला, तेव्हा मी खो-खो हसले. आईही हसली.

नियमाप्रमाणे सगळं शूटिंग मी बहिणीला दिलं. चारच दिवसांत तिने केलेला व्हिडिओ घरच्यांच्या ग्रुपवर आला, आणि त्या ग्रुपवर सगळं पुणं आहे. आई "पाछळ" म्हणते की माझं हसू. "थेली" म्हणते की माझं हसू. "शाकवाली"वर तर दोनदा. एका ठिकाणचा आवाज दुसऱ्या चित्राखाली कसा घालायचा, हे सरांनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं. बाई नीट शिकली होती. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली, आणि आईने ते माझ्या आधी पाहिलं होतं.

मी बहिणीला फोन केला तर म्हणते, "अगं मजा केली! मावशीला कसला राग येतोय? सगळ्यांना केवढं आवडलं." माझ्या आईच्या हातचं खाऊन ही वाढली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझा राग अजून निवलेला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

आईला मी मूळ शूटिंग दाखवलं, जसंच्या तसं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.

"बघ, मी इथे हसले. फोन पडला म्हणून. तुला नाही हसले गं."

"सरस जोडलंस," आई म्हणाली.

"आई, हे जोडलेलं नाही! ते तिने जोडलं. हे खरं आहे."

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "असू दे बेटा. तुम्ही दोघी साथेच शिकल्या ने."