सोयराचं धुणं

गोमूत्र डोळ्यात गेलं. चरचरलं. मी पदरानं पुसायला गेले तर बाळंतिणीची सासू वरडली, "थांब तितंच. हलू नको."

खोडदच्या बागायतदाराचं घर. दवाखान्यातनं बाळंतीण घरी आणली व्हती. तान्ही पोरगी घेऊन जीपमधनं मीच उतरले. सासूनं बाळ-बाळंतिणीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, अन् गोमूत्राचा तांब्या माझ्या डोक्यावर रिकामा केला. अंगणातली माणसं हसली.

"तू मागल्या दारानं ये गं. डोंगरातली तू, काय काय शिवलीस कुणाला ठावं."

डॉक्टरीणबाईंचे हात तर माझ्यापेक्षा जास्त रक्तात व्हते. त्यांना जिलेबीचा पुडा अन् नमस्कार.

मी घाटघरची. भात-नाचणीवाल्यांची. पुण्याला एका बाईंकडं शिकले. तिकडं डौला म्हणत्यात, इकडं मी सोबतीण सांगते. बाळंतपण डॉक्टर करत्यात. मी बाईजवळ बसते. कळ आली की कंबर चोळते, भेदरली की हात देते, घरी आल्यावर पोर छातीला लावायला शिकवते. पण ह्या लोकांना मी सुईणच. अन् सुईण म्हंजे विटाळ.

सुनेची आई वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मला तिनंच बोलावलं व्हतं. "ताई, तुमी जाऊ नका," एवढंच सारखं म्हणायची.

त्या घरात सोयेर लई कडक. दहा दिवस बाळंतिणीला घरातल्या कुणी शिवायचं न्हाई. नवऱ्यानं न्हाई, जावेनं न्हाई. ताट दारातनं आत सरकवायचं. शिवायचं ते मी. तिची धुणी मागं गोठ्यापाशी धुवायची तीबी मी. खोलीची खिडकी गच्च लावलेली, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. पोरगी झाली म्हणून घरात कुणी बोलंना. मला त्या घराची धडकी भरली व्हती.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली. सासूनं बघितलं.

"बाळंतिणीला वारं लागंल! लई शहाणी का तू? जा, गोठ्यात बस. बोलावल्याबिगर आत पाय ठेवायचा न्हाई."

बसले. म्हशींच्या शेजारी. तिथनं त्या मोठ्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या दिसत्यात. आभाळातलं ऐकत्यात म्हणं. इथं भिंतीपलीकडचं ऐकायला कुणी नव्हतं.

मला आत कुणी बोलावलंच न्हाई. दुपारी जावेनं धुण्याचं बोचकं काठीनं मागल्या दारातनं भाईर ढकललं. हात लागू नये म्हणून काठी. मी बादलीत सोडलं अन् पाणी लालभडक झालं. रक्ताच्या गाठी. कमी व्हायचं ते वाढलं व्हतं. मी सासूला हाक मारली.

"अवो, लई रक्त जातंय तिचं. जीप काढायला सांगा."

"बाळंतिणीचं जातंच. आमी काय बाळंत झालो न्हाई?"

"बघा तरी एकदा आत जाऊन."

"सोयरात मी शिवू तिला?"

तवा मला कळलं. सून खोलीत मेली असती तरी ह्यांनी आधी काठीनं हलवून बघितली असती.

मी उठले. हात तसेच लाल. घराला वळसा घातला, पुढल्या दारानं आत शिरले. देव्हाऱ्यासमोरनं. सासू आडवी आली.

"देव बाटवलास माझा!"

"बाटू द्या. सून मरायला टेकलीय तुमची."

सुनेचे व्हट पांढरे पडले व्हते. गोधडी भिजलेली. पोरगी कुशीत रडत व्हती अन् हिला ती ऐकू येत नव्हती. मी तिच्या नवऱ्यापुढं माझे हात धरले. "भाऊ, जीप काढा. न्हाईतर मी गावातनं वरडत जाते." त्यानं आईकडं बघितलं. अशा येळीबी आईकडं! मग चावी घेतली.

उचलू लागायला कुणी आलं न्हाई. सगळी उभी. मी पोरगी झोळीत बांधली अन् सुनेला गोधडीसकट ओढत जीपपर्यंत नेलं.

वारेचा तुकडा आत राहिला व्हता. रक्त चढवलं. वाचली. आमी दवाखान्यात असताना सासूनं सगळं घर धुऊन काढलं. माझी पावलं पडली म्हणून.

आता जाऊ पोटुशी हाय. तीच, काठीवाली. परवा सासूचा फोन आला. "ये गं बाळंतपणाला. पण मागल्या दारानं."

मी म्हटलं, "पुढल्या दारानं यीन. खिडकी उघडी ठेवीन. अन् धुणं तुमी धुवायचं, तुमच्या हातानं. रक्त तुमी बघायचं."

तिनं फोन ठेवला.

ठेवू दे. जावेचे दिवस भरत आलेत. शेगडी माळ्यावरनं खाली काढली असंल. बोलवू दे न्हाई तर नको, मी जाणार. पुढल्या दारानं. तिनं तांब्या उचललाच, तर मनगट धरीन तिचं. बाटू दे. माझ्या हातानं एकदा बाटली म्हंजे सुनेला हात लावायला मोकळी.