मोर्तान मास्तर माईक घालत नाही

फेरो बेटांच्या आमच्या टोकाला वारा कधी गप्प बसत नाही. कुणाला काही सांगायचं तर वाऱ्याच्या वर आवाज चढवावा लागतो. मोर्तानचा आवाज चढतो. तो धक्क्यावर उभा राहून बोलला की पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्या माना वर करतात. हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो धक्क्यावर बराच वेळ उभा असतो.

एवढ्या एका आवाजावर त्यानं आयुष्य काढलं. बापाच्या नावेवर गेला तर पोटातलं सगळं समुद्राला देऊन परत आला. मेंढी सोलायला बसला तर कातड्याची चाळण केली. मग राजधानीत शिकून आला आणि गावच्या एका खोलीच्या शाळेचा मास्तर झाला. त्यात वाईट काही नाही. पण त्याचा खरा तोरा नाचघरातला. आमच्या नाचाला ढोल नाही, दुसरं कसलं वाद्य नाही. हातात हात घालून कडं करायचं, पावलं लाकडी जमिनीवर आपटायची, एकानं गाणं उचलायचं आणि बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचं. उचलणाऱ्याला कडव्यांमागून कडवी पाठ लागतात, आणि मध्येच विसरला तर त्याची नामुष्की नातवंडांपर्यंत पुरते. मोर्तान उचलायचा. "आपण कधी अडखळलो नाही बरं का," असं तो दर हिवाळ्यात सांगायचा. विचारलेलं कुणी नसायचं.

त्याच्या शाळेत मार्यूनची रान्वा आली. मार्यून मासळीच्या कारखान्यात कामाला, नवरा दूरच्या पाण्यात ट्रॉलरवर. पोरीला जन्मापासून ऐकू कमी. दोन्ही कानांत यंत्रं होती, पण ती सगळंच मोठं करत: खुर्च्यांचं घासणं, खिडकीवरचा वारा, शेजारच्याचं नाक ओढणं. समोर बसून बोललं तर तिला कळे. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बोललं तर नुसता कालवा. म्हणून राजधानीहून तिच्यासाठी माईक आला, काडेपेटीएवढा. मास्तरनं तो गळ्यात अडकवला की त्याचा आवाज थेट पोरीच्या कानात. बटण कुठे आहे, एवढंच त्यात शिकायचं होतं.

मोर्तानने तो एक सकाळ घातला.

मधल्या सुट्टीत तो सामानाच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि लाल शिडाच्या जहाजाचं गाणं घोकू लागला. राजा जहाजावर चढतो तिथे तो अडकला. मागे जाऊन पुन्हा आला, पुन्हा तिथेच अडकला. मग त्यानं राजाला आणि जहाजाला मिळून एक शिवी हासडली. माईक गळ्यातच होता, चालू होता.

वर्ग भरला तशी रान्वा आनंदानं उभी राहिली. ते गाणं आजीनं तिला समोर बसवून, ओठ दाखवून पाठ करून दिलं होतं.

"मास्तर, राजा चढला की घोड्याचं कडवं येतं. तुम्ही ते गाळता, म्हणून अडकता. आणि शिवी गाण्यात नाहीये."

मुलं खिदळली. पोरीच्या मनात खोडी नव्हती. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं तिला सबंध ऐकू आलं होतं, आणि त्या उपकाराची ती परतफेड करत होती.

मोर्तानचे कान लाल झाले. त्यानं माईक काढला, टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप घातलं.

मार्यून विचारायला आली तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. "अगं, तुझ्या पोरीला हवं तेव्हा सगळं ऐकू येतं. नाचघरात बघ तिला. पाऊल चुकत नाही, की शब्द चुकत नाही. बहिरी माणसं अशी नाचतात होय?"

"मास्तर, ती पायांनी ऐकते."

"पायांनी! मग बूट काढून बसव वर्गात."

हा विनोद गावभर फिरला आणि गाव हसलं. शरमेची गोष्ट अशी की गावानं ते खरंही मानलं. आम्ही सगळे त्याच फळ्यांवर नाचत मोठे झालो. शंभर पावलांचा ठोका तळव्यातून गुडघ्यात चढतो, त्याला कान लागत नाहीत, हे आम्हाला सांगायला कुणी यायला नको होतं. पण मोर्तान मोठ्यानं बोलला होता, आणि आमच्याकडे मोठ्यानं बोललेलं खरं धरतात.

त्या वर्षी राजधानीहून हुकूम आला, की अपंग मुलांना शिकायला मदत करणाऱ्या साधनांबद्दल शाळाशाळांत जागृती करावी. मोर्तानने केली, आणि दणक्यात केली. मुलांकडून रंगीत कागदाचे कान कापून घेतले आणि खिडक्यांवर चिकटवले. बायकांकडून वाफल आणि रुबार्बचा मुरंबा मागवला. स्वतः भाषण केलं, माणुसकीपासून सुरू झालेलं आणि स्वतःपाशी संपलेलं. वर्तमानपत्रात फोटो आला: मधोमध मोर्तान, मागे कागदी कानांची झुंबड. फोटोच्या कडेला रान्वा होती, हातात कात्री घेऊन. तिनं सगळ्यांत सुबक कान कापले होते. ते कशासाठी हे तिला घरी गेल्यावर आईनं समोर बसून सांगितलं. खण तेव्हाही बंदच होता.

हिवाळा सरत आला तशी एल्स्पा नावाची अधिकारी बोटीनं आली. बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. असल्या साधनांचं काय चाललंय ते बघणं तिचं काम. तिनं मोर्तान आणि मार्यून दोघांना शाळेत बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: माईक वापरात आला तर मुलगी इथेच शिकेल. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही, पोरीचं वर्ष फुकट चाललंय. तिला राजधानीतल्या शाळेत न्यायचं. म्हणजे मार्यूननं काम सोडायचं, घर बंद करायचं आणि म्हाताऱ्या आईला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवायचं.

"बाई, तुम्ही नवख्या आहात," मोर्तान हसून म्हणाला. "ईस्टरच्या उपवासांआधीचा आमचा नाच बघा सोमवारी. मग मला सांगा, कुणाला कसला माईक लागतो ते."

"बघते की," एल्स्पा म्हणाली.

त्या सोमवारचा नाच आमच्याकडे लाल शिडाच्या जहाजानंच सुरू होतो. आजोबांच्या काळी तसंच होतं, त्यांच्या आजोबांच्या काळीही. पण राजधानीची पाहुणी आलेली. मोर्तानला वाटलं, हिला कुणी न ऐकलेलं काहीतरी दाखवावं. शिवाय ते घोड्याचं कडवं त्याला अजून टोचत होतं. कडं उभं राहिलं, हातात हात गेले, आणि त्यानं राक्षसाच्या लेकीचं गाणं उचललं. चाल तीच, ठोका तोच, गाणं दुसरं.

रान्वा आईचा हात धरून त्याच्या पाठीमागच्या अंगाला होती, त्याचे ओठ तिला दिसत नव्हते. ठोका तळव्यात आला तशी तिनं मान वर केली, डोळे मिटले आणि मोकळ्या गळ्यानं लाल शिडाचं जहाज हाकारलं.

पहिलं ध्रुवपद गोंधळात निघून गेलं. दुसऱ्याला माणसं एकमेकांकडे बघू लागली. तिसऱ्याला मोर्तान दम घ्यायला थांबला, आणि त्या शांततेत एकट्या पोरीचा आवाज उरला. स्वच्छ, खणखणीत. राजा जहाजावर चढला. मग घोडा चढला. कडं थांबलं. पायांखालचा ठोका बंद पडला तशी तिनं डोळे उघडले, आणि सगळं गाव आपल्याकडे का बघतंय ते तिला कळेना.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मार्यून तिकडे वळली. "हसायचंय त्यानं पुढे येऊन हसावं." कुणी आलं नाही.

मग ती मोर्तानसमोर जाऊन उभी राहिली. "घालतोस का माईक? हो की नाही, एवढंच."

मोर्तानने घसा साफ केला. "हे बघ मार्यून, माझ्या शाळेत सगळी मुलं सारखी. एकीचे लाड करणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"तत्त्वात! मग आधी स्वतःचा चष्मा काढ. होऊ दे सगळं सारखं."

"चष्म्याची गोष्ट वेगळी आहे."

"कशी?"

हो म्हणणं सोपं होतं. किल्ली त्याच्या खिशातच होती, शाळा चार पावलांवर. त्यानं बोलायला तोंडही उघडलं. पण गळ्यात ती काडेपेटी आणि समोर ती पोर, जिच्या कानात आपला शब्द न् शब्द उतरणार, अडखळलेला, चुकलेला, गाळलेला, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्याचं तोंड मिटलं. उभा जन्म मेंढ्यांपर्यंत आवाज पोहोचवत आलेला हा माणूस, एका पोरीला ऐकू जाईल म्हणून घाबरला.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"नको करू," मार्यून म्हणाली. "तुला सवय नाही."

एल्स्पा बाईंनी काही म्हणायची गरजच उरली नाही.

ईस्टरच्या आधी मायलेकी निघाल्या. दोन ट्रंका, एक गादी आणि आजीनं बांधून दिलेली वाळल्या मटणाची तंगडी. आजी दारातूनच परत फिरली, तिला धक्का सोसला नसता. मोर्तान धक्क्यावर आला होता. ट्रंक उचलायला तो पुढे झाला, पण मार्यूननं ती आधीच उचलली होती. मग तो रान्वाला उद्देशून बोलू लागला: हे गाव तुझंच आहे, तुझी जागा इथे कायम राहील, मोठी हो, नाव काढ. कधी नव्हे तो वारा पडला होता, आणि त्याचा आवाज खाडीवरून घुमत पलीकडे गेला. उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

रान्वा बोटीच्या फळीवर पोचली होती. मास्तरचा हात हवेत हललेला तिला दिसला. तिनं आईची बाही ओढली.

"काय म्हणतात गं?"

मार्यून वाकली आणि लेकीच्या तोंडासमोर तोंड आणलं, म्हणजे तिला नीट कळावं.

"काही नाही," ती म्हणाली. "चल, आत बस."