दाराखालची बोटं

भोसरीत अंगणवाडी सेविका म्हणून नुकतीच रुजू झाले होते तेव्हाची गोष्ट. एका दोन वर्षांच्या मुलीचं वजन वाढत नसल्याचं रजिस्टरमध्ये दिसलं, म्हणून सकाळीच तिच्या घरी गेले. कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्या, बहुतेक सगळे कामावर गेलेले. तिच्या दारालाही बाहेरून कुलूप. परत फिरणार, तेवढ्यात आतून बोबडी बडबड ऐकू आली.

"बाळा, आत कोण आहे गं?"

बडबड थांबली. दाराखालच्या फटीतून इवली बोटं बाहेर आली.

मी तिच्या वडिलांना फोन लावला. नाइट शिफ्ट संपवून ते चाकणहून येत होते. बस ट्रॅफिकमध्ये अडकलेली. "पोचतोच ताई," एवढंच म्हणाले. मी फरशीवर बसले आणि माझं बोट फटीपाशी नेलं. तिनं ते गच्च धरलं. थोड्या वेळानं तिनं खेळच काढला. बोटं आत ओढायची, मी हाक मारली की बाहेर काढायची आणि खिदळायचं. बंद खोलीत एकटं असलेलं लेकरू मलाच खेळवत होतं.

वडील धावतच आले. कुलूप उघडता उघडताच सांगू लागले, "हिची आई फर्स्ट शिफ्टला जाते, मी येईपर्यंत ही झोपलेलीच असते. इथं आमचं कुणी न्हाई, ताई."

मुलगी त्यांच्या कडेवर चढली आणि माझ्याकडे परक्यासारखी बघू लागली. मग तिनं माझा हात ओढला, एकेक बोट चाचपलं, त्यातलं एक धरलं आणि हसली. चेहरा तिनं पाहिलाच नव्हता. तिनं मला बोटावरून ओळखलं होतं!

मी वडिलांकडे वळले. "मी ओरडायला आले नाही, दादा. पण आत गॅस आहे, पाण्याची बादली आहे. हिची सोय लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण जिन्यात आली होती. "मी वर बसलेली दिसत न्हाई व्हय तुमाला? हाक मारायला काय झालं हुतं?"

"आजी, रोजचं कसं सांगायचं?" वडील म्हणाले.

"रोजचंच सांग. न्हाईतरी तांबडं फुटायच्या आत उठून बसलेली असते मी." असं म्हणत तिनं पोरीला उचललंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून कामाला निघताना आई मुलीला वर सोडू लागली. महिन्याभरानं मी वजन करायला गेले. वजन थोडं वाढलं होतं. पण मी बघत राहिले ते जिन्याकडे. पायऱ्यांवर तिच्याबरोबर आणखी तीन पोरं बसून भाकरी खात होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

आजींनी खालच्या खोल्यांकडे हात केला. सगळ्या दारांना कुलपं होती.