आधी जळू, मग मास्तर

लढाईच्या दिवसांत औषधं मिळेनात, म्हणून सुजलेला गुडघा घेऊन मी पलूसच्या बाजारात जळवा लावणाऱ्या बाईपुढं बसलो. जळू चिकटली तसा मी कळवळलो. बाई माझ्यावरच डाफरली, "हलू नगासा मास्तर, भिईल ती!" ती म्हणजे जळू!

वैतागून मी माझं संस्कृत काढलं. म्हटलं, याला रक्तमोक्षण म्हणतात. मोक्ष आणि मोक्षण एकाच मुळाचे, अर्थ मोकळं करणं. बाईचं लक्षच नव्हतं. जळू गळून पडली, गुडघ्यातून रक्त वाहतच राहिलं, आणि ही बया जळूला हळद लावून प्यालेलं रक्त ओकायला लावत बसली.

"अहो, आधी मला पट्टी बांधा!"

"थांबा की वाईच," मान वर न करता ती म्हणाली. "तुमचं नासकं रगत हिच्या पोटात हाय. तुमी झालासा मोकळं, आता हिला करू द्या."